ब्रिटनमध्ये घरच्या घरी फराळाचा व्यवसाय: व्हिसापासून पहिल्या दिवाळीपर्यंत

सप्टेंबर उजाडला की ब्रिटनमधल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारणा सुरू होते. घरची चकली कुणी करून देतं का, अनारसे मिळतील का, चतुर्थीला एकवीस उकडीचे मोदक हवेत. करणारे हात घरोघरी आहेत. पण परदेशात खाण्यापिण्याचा धंदा म्हणजे परवान्यांचा डोंगर असणार, असं वाटून बरेच जण मागे राहतात. काही जण कसलीच नोंद न करता ओळखीपाळखीत विकत राहतात आणि कुणी विचारलं तर काय, ही धाकधूक मनात बाळगतात.

प्रत्यक्षात घरच्या ओट्यावरून पदार्थ विकण्याबाबत ब्रिटनचे नियम बरेच सोपे आहेत. कामं मात्र योग्य क्रमाने व्हायला हवीत. माझं सांगणं असं: पहिल्या वर्षी मोजके, कोरडे, टिकाऊ पदार्थच करा आणि पहिल्या पाकिटापासून सगळं कागदावर, उघडपणे करा. जेवणाचे डबे, पुरणपोळ्या, बारशाच्या ऑर्डरी यांना पुढे भरपूर वेळ आहे. खाली दिलेले नियम मुख्यतः इंग्लंडचे आहेत. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये चौकट तीच, तपशिलात थोडा फरक.

आधी व्हिसा, मग भाजणी

धंदा कुणाच्या नावावर काढायचा हे व्हिसा ठरवतो. स्किल्ड वर्कर व्हिसावर आलेल्या व्यक्तीचा जोडीदार डिपेंडंट व्हिसावर असेल, तर त्याला किंवा तिला नोकरी करता येते तसा स्वतःचा व्यवसायही करता येतो. ब्रिटनमधलं शिक्षण संपल्यावर मिळणाऱ्या ग्रॅज्युएट व्हिसावर स्वयंरोजगार चालतो. कायम वास्तव्याची परवानगी किंवा ब्रिटिश नागरिकत्व असेल तर प्रश्नच नाही. स्टुडंट व्हिसावर मात्र स्वयंरोजगाराला मनाई आहे. आठवड्याला ठरावीक तास नोकरी करता येते, म्हणून फराळही विकता येईल, असा समज करून घेऊ नका.

ज्यांच्या नावावर नोकरीचा मूळ व्हिसा आहे त्यांच्या जादा कामावर मर्यादा असतात. म्हणून नवरा स्किल्ड वर्कर व्हिसावर आणि बायको डिपेंडंट असेल तर धंदा तिच्या एकटीच्या नावावर असू द्या. प्रेमापोटी नवऱ्याला कागदोपत्री भागीदार करायला जाऊ नका. आपल्या व्हिसाच्या अटी ई-व्हिसाच्या खात्यात लिहिलेल्या असतात, त्या शब्दशः वाचा. शंका राहिली तर इमिग्रेशनच्या नोंदणीकृत सल्लागाराला पैसे देऊन विचारा. या एका प्रश्नाचं उत्तर ग्रुपवर विचारून घेऊ नये.

आणखी एक गोष्ट आपल्या घरांत फार सहज घडते. दिवाळीला आई किंवा सासूबाई भेटीला येतात आणि त्यांच्या हातची चकली हाच धंद्याचा कणा होऊन बसतो. भेटीच्या व्हिसावर आलेल्या माणसाला इथे व्यवसायासाठी काम करता येत नाही, एक पैसा न घेताही नाही. घरच्यांसाठी त्यांनी हवं ते करावं. पण विकायच्या पाकिटांत त्यांचे हात लागता कामा नयेत. त्यांच्याकडून शिकायचं असेल ते सगळं शिकून घ्या: मोहन किती कडकडीत, पीठ किती सैल, सोऱ्या किती दाबायचा. नियमात बसणारी मदत एवढीच, आणि ती थोडकी नाही.

घर कुणाचं आहे?

भाड्याचं घर असेल तर भाडेकरारात घरातून व्यवसाय करण्याबद्दल काय म्हटलंय ते बघा आणि घरमालकाची लेखी परवानगी घ्या. कर्जाचं घर असेल तर कर्ज देणाऱ्या बँकेला कळवा. घराचा विमा ज्यांच्याकडे आहे त्यांना सांगणं दोन्ही परिस्थितींत आवश्यक. तळणीमुळे आग लागली आणि घरात धंदा चालतो हे विमा कंपनीला ठाऊकच नव्हतं, तर दावा अडकू शकतो. त्याशिवाय पब्लिक आणि प्रॉडक्ट लायबिलिटी विमा, म्हणजे तुमच्या धंद्यामुळे किंवा पदार्थामुळे कुणाला इजा झाली तर भरपाई देणारा विमा, वेगळा घ्या. तो कायद्याने सक्तीचा नाही, पण मंडळाच्या कार्यक्रमात स्टॉल मांडायचा झाला की आयोजक त्याचं प्रमाणपत्र मागतात.

कौन्सिलकडे नोंदणी

आपण राहतो त्या भागाच्या कौन्सिलकडे, म्हणजे स्थानिक नगरपालिकेकडे, अन्नव्यवसाय म्हणून नोंदणी करायची. अर्ज ऑनलाइन भरता येतो, फी नाही आणि तो नाकारला जात नाही. विक्री सुरू करण्याच्या किमान २८ दिवस आधी तो गेला पाहिजे. व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेऊन दारात पाकीट देणं हीही विक्रीच. शाळेच्या जत्रेत एकदा चार लाडू ठेवणाऱ्याला नोंदणी लागत नाही, दरवर्षी दिवाळीत नियमाने विकणाऱ्याला लागते.

यानंतर कौन्सिलचा पर्यावरण आरोग्य अधिकारी पाहणीला येतो. लगेच येईल किंवा काही महिन्यांनी. २८ दिवस झाले की पाहणीची वाट बघत थांबावं लागत नाही. त्या पाहणीवरून शून्य ते पाच असं स्वच्छतेचं गुणांकन मिळतं आणि ते फूड स्टँडर्ड्स एजन्सी या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर दिसतं. वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये ते दर्शनी लावणं सक्तीचं आहे, इंग्लंडमध्ये ऐच्छिक. स्कॉटलंडमध्ये आकडे नसतात, उत्तीर्ण किंवा सुधारणा आवश्यक एवढंच.

अधिकारी तीन गोष्टी बघतो: अन्न हाताळण्याची पद्धत, जागेची अवस्था आणि तुमच्या नोंदी. घर स्वच्छ असतं, पदार्थ उत्तम असतात, आणि गुण जातात ते नोंदीत. फूड स्टँडर्ड्स एजन्सीची 'सेफर फूड, बेटर बिझनेस' नावाची वही फुकट उतरवून घेता येते. ती छापून फाइलला लावा आणि ज्या दिवशी विकायचं काही केलं त्या दिवसाचं पान त्याच दिवशी भरा. लेव्हल २ चा फूड हायजीनचा ऑनलाइन कोर्सही करून टाका. प्रमाणपत्राची सक्ती नाही, पण कामाला साजेसं प्रशिक्षण असणं ही अट आहे, आणि कागद दाखवला की बोलणं आटोपतं.

ओट्याबद्दल थोडं. इथल्या बऱ्याच घरांत कपडे धुण्याचं यंत्र स्वयंपाकघरातच असतं. विक्रीचं काम चालू असताना ते बंद ठेवा आणि मळक्या कपड्यांची टोपली दुसऱ्या खोलीत जाऊ द्या. हात धुण्याची सोय, साबण आणि कागदी रुमाल हाताशी हवेत. विक्रीच्या सामानाला वेगळं कपाट किंवा निदान झाकणाचे वेगळे डबे ठेवा. घरात कुणाला उलट्या-जुलाब होऊन गेले असतील, तर त्या व्यक्तीने त्रास पूर्ण थांबल्यावर ४८ तास अन्नाला हात लावू नये. मूल आजारी असेल तर ऑर्डर पुढे ढकला. फ्रीजचं तापमान ८ अंशांच्या वर जाणं कायद्यात बसत नाही. व्यवहारात ५ अंशांवर ठेवा आणि आत एक साधा तापमापक असू द्या.

उरलेलं तेल मोरीत ओतायचं नाही. धंद्याचा कचरा आणि तेल घरच्या कचऱ्यात टाकता येत नाही, त्यासाठी काय सोय आहे हे नोंदणी करतानाच कौन्सिलला विचारून घ्या. तळणीच्या जागेजवळ आग विझवायचं ब्लँकेट टांगलेलं हवं.

काय करायचं आणि काय नाही

कोरडा फराळ म्हणजे चकली, कडबोळी, शेव, चिवडा, शंकरपाळे, बेसन लाडू आणि सुक्या सारणाच्या करंज्या. हे पदार्थ फ्रीजशिवाय टिकतात, टपालाने जातात आणि जंतूंचा धोका कमी. ओल्या नारळाच्या करंज्या, पुरणपोळी, उकडीचे मोदक आणि श्रीखंड यांत ओलावा किंवा दूध असतं. थंड ठेवणं, वाटेतलं तापमान, वापरण्याची शेवटची तारीख हा सगळा हिशेब त्यात येतो. ते दुसऱ्या वर्षी घ्या.

कोरड्यातलेही सगळे करू नका. तीन किंवा चार पदार्थ पुरे. भारतीय दुकानात पाकीटबंद शेव आणि चिवडा स्वस्तात मिळतो, त्याच्याशी भावात स्पर्धा करणं शक्य नाही. दुकानात मिळत नाही ते करा. ताज्या भाजणीची खुसखुशीत चकली आणि खसखशीवर थापलेले अनारसे, यांसाठी लोक थांबतात आणि दामही देतात. अनारशाचा तांदूळ तीन दिवस भिजतो, पाणी रोज बदलावं लागतं. ही कृती इथल्या अधिकाऱ्याला नवी असू शकते, म्हणून भिजवल्याची, पाणी बदलल्याची आणि तळल्याची नोंद वहीत लिहिलेली असावी.

इथल्या ओलसर हवेत चकली फार लवकर सादळते. हिवाळ्यात खिडक्या बंद, त्यात स्वयंपाकाची वाफ. चकल्या पूर्ण गार झाल्याशिवाय पाकिटात घालू नका, आणि ज्या दिवशी पॅकिंग असेल त्या दिवशी त्याच खोलीत कुकर लावू नका. पाकिटावरची तारीख अंदाजाने टाकू नये. प्रत्येक घाण्यातलं एक पाकीट तारीख लिहून बाजूला ठेवा, दर आठवड्याला एक उघडून बघा. कुरकुरीतपणा कधी जातो आणि तेलाला खवट वास कधी लागतो हे लिहून ठेवा. त्याच्या बरीच आधीची तारीख लेबलवर टाका.

सामान इथल्याच दुकानातून घ्यायचं आणि पावती जपायची. कोणता माल कुठून आला आणि पुढे कुणाला गेला, हे सांगता येणं कायद्याने बंधनकारक आहे. गावाहून आणलेली भाजणी घरी खायला उत्तम, विक्रीच्या चकलीत नको. भारतातून सामानात तूप, खवा, पेढे असे दुधाचे पदार्थ आणायला तर मुळातच परवानगी नाही.

ॲलर्जी आणि लेबल

या भागात घाई करू नका. घरगुती फराळात सगळ्यांत जास्त चुका इथेच होतात, आणि इथली चूक कुणाच्या तरी जिवाशी येऊ शकते. २०१६ मध्ये नताशा एडनान-लपेरूझ ही पंधरा वर्षांची मुलगी बगेट खाऊन दगावली. तिला तिळाची ॲलर्जी होती. पावात तीळ होते आणि वेष्टनावर त्याचा उल्लेख नव्हता. त्यानंतर झालेला नियम 'नताशाज लॉ' म्हणून ओळखला जातो आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहे. विक्रेत्याने स्वतःच आधी भरून ठेवलेल्या आणि थेट ग्राहकाला विकायच्या पाकिटावर पदार्थाचं नाव, घटकांची पूर्ण यादी आणि त्यात ॲलर्जीचे घटक ठळक अक्षरांत असणं सक्तीचं झालं.

ब्रिटनच्या कायद्यात असे १४ घटक आहेत: ग्लूटेन असलेली धान्यं, दूध, अंडी, शेंगदाणे, काजू-बदामासारखी कवचफळं, तीळ, मोहरी, सोया, सेलरी, ल्युपिन (एक शेंगवर्गीय बी), मासे, कोळंबी-खेकड्यांसारखे कवचधारी जीव, शिंपल्या-कालवांसारखे मृदुकाय जीव आणि सल्फाइट (सल्फर डायऑक्साइडसकट, सुकामेवा टिकवायला वापरतात ती रसायनं). मांसाहारी घटक आपल्या फराळात नसतात, म्हणून काळजी नाही असं वाटतं. आता चकलीच घ्या. भाजणी तांदूळ आणि डाळींची, म्हणजे गहू नाही. त्यात तीळ पडले, हा एक घटक झाला. मोहनाला लोणी घातलं तर दूध आलं. मग हिंग. दुकानातल्या हिंगाची डबी उलटी करून वाचा: बहुतेक डब्यांत शुद्ध हिंग थोडा आणि बाकी डिंक व पीठ असतं, ते पीठ पुष्कळदा गव्हाचं. म्हणजे तुमच्या बिनगव्हाच्या चकलीत चिमूटभर हिंगातून ग्लूटेन आलं. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, पण तो वापरूनही पाकिटावर 'ग्लूटेन-फ्री' लिहू नका. तो दावा करायला प्रमाण किलोला २० मिलिग्रॅमच्या आत असावं लागतं. ज्या घरात त्याच कढईत आदल्या दिवशी शंकरपाळे तळले, त्या घरातून तसं खात्रीने सांगता येत नाही.

चिवड्यात शेंगदाणे आणि काजू दिसतात, फोडणीतली मोहरी मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही. इथे मोहरी स्वतंत्र घटक आहे. रव्याच्या लाडवात गहू आणि तुपामुळे दूध ही दोन्ही नावं ठळक हवीत. लाडवावर लावलेला पिवळा बेदाणा बघा, त्यावर बहुधा सल्फर डायऑक्साइडची प्रक्रिया असते. सल्फाइटचं प्रमाण किलोला १० मिलिग्रॅमच्या वर गेलं तर तेही लिहावं लागतं. खोबरं या यादीत नाही, तरी घटक म्हणून ते लिहायचंच.

प्रत्येक पदार्थासाठी एक पान करा: घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने, आणि ज्या डब्यातलं तिखट-मसाला-हिंग वापरला त्या डब्याच्या लेबलचा फोटो चिकटवलेला. ब्रँड बदलला की पान बदला. व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेताना ॲलर्जीची माहिती ग्राहकाने पैसे देण्याआधी मिळाली पाहिजे आणि माल पोचतानाही सोबत असली पाहिजे. सोपा उपाय म्हणजे यादीच्या संदेशातच घटक टाकायचे आणि प्रत्येक पाकिटावर पूर्ण लेबल लावायचं, विक्री कुठूनही असो. लेबल इंग्रजीत हवं. 'चकली' एवढ्या नावावरून इथल्या माणसाला काही कळत नाही, म्हणून खाली एका ओळीत तांदूळ आणि डाळींच्या पिठाचा तळलेला तिखट पदार्थ, असं लिहा. कुणी तीव्र ॲलर्जी असल्याचं सांगितलं आणि तुमच्या ओट्यावर तो घटक रोज वावरतो, तर नम्रपणे नाही म्हणा.

भारतीय वाणसामानाच्या दुकानात पाकिटं ठेवायची असतील तर नियम वाढतात: निव्वळ वजन, तारीख, साठवणुकीची सूचना, व्यवसायाचं नाव आणि पत्ता. वजनावर विकायचं तर तराजू व्यापारासाठी मान्यताप्राप्त हवा, ओट्यावरचा स्वयंपाकाचा काटा चालत नाही.

भाव

आपल्याकडे घरच्या बाईच्या वेळेला किंमत न लावण्याची जुनी सवय आहे, आणि परदेशात येऊनही ती सुटत नाही. भाजणी, तेल आणि पाकीट एवढं धरून भाव ठरतो आणि दिवाळी संपल्यावर कंबर धरून बसावं लागतं. हिशेब असा करून बघा. समजा चकल्यांच्या दहा पाकिटांना सामान १० पौंडांचं, पाकिटं आणि लेबलं ३ पौंड, वीज-गॅस २ पौंड. पीठ मळण्यापासून पॅकिंग आणि भांडी घासण्यापर्यंत तीन तास. एप्रिल २०२५ पासून ब्रिटनमधलं २१ वर्षांवरच्यांसाठीचं किमान वेतन ताशी १२.२१ पौंड होतं. त्या दराने तीन तासांचे ३६.६३. बेरीज ५१.६३ पौंड, म्हणजे एका पाकिटाला ५.१६ पौंड, आणि यात नफ्याचा एक पेनीही नाही. विमा आणि टपाल अजून धरलेलं नाही.

हा आकडा महाग वाटला तर भाव उतरवायच्या आधी तास कमी होतात का बघा. मोठा सोऱ्या, रुंद कढई, एका दिवशी एकच पदार्थ. ओळखीच्यांना सवलत द्यायची असेल तर ठरवून, लिहून द्या. आणि पैसे ऑर्डरबरोबरच घ्या, दारात पाकीट देताना सुट्टे मोजत बसू नये.

कर

करवर्ष ६ एप्रिल ते ५ एप्रिल. या काळात धंद्यात आलेली एकूण रक्कम, म्हणजे नफा नव्हे तर विक्री, १,००० पौंडांपर्यंत असेल तर सहसा काही कळवावं लागत नाही. त्याच्या वर गेली की करवर्ष संपल्यानंतरच्या ५ ऑक्टोबरपर्यंत एचएमआरसी या करविभागाकडे सेल्फ असेसमेंटसाठी (आपला कर आपणच कळवण्यासाठी) नाव नोंदवायचं आणि ३१ जानेवारीपर्यंत ऑनलाइन विवरणपत्र भरून कर द्यायचा. दुसरं उत्पन्न नसेल तर १२,५७० पौंडांपर्यंत आयकर लागत नाही, पण विवरणपत्र भरावंच लागतं. सुरुवातीला कंपनी काढू नका, सोल ट्रेडर, म्हणजे एकट्याच्या नावावर धंदा करणारी व्यक्ती, म्हणून काम भागतं. व्हॅटची नोंदणी ९०,००० पौंडांच्या उलाढालीला लागते, घरच्या कढईवर तो प्रश्न येत नाही.

वेगळं बँक खातं उघडा. वैयक्तिक खात्यात धंद्याचे पैसे घेणं बऱ्याच बँकांच्या अटींत बसत नाही. घराची वीज, इंटरनेट यांचा हिशेब मांडायचा कंटाळा असेल तर सरळ ठोक दर वापरता येतो: महिन्याला २५ ते ५० तास घरून काम केलं तर १० पौंड खर्च, ५१ ते १०० तासांना १८ पौंड.

पहिल्या दिवाळीचं वेळापत्रक

२०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. तिथून मागे मोजा. जूनमध्ये व्हिसाच्या अटी, घरमालक आणि विमा. जुलैच्या सुरुवातीला कौन्सिलकडे अर्ज, त्याच महिन्यात कोर्स. ऑगस्टमध्ये चाचणीचे घाणे, टिकण्याची परीक्षा आणि लेबलं. गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला येते, तेव्हा एकाच पदार्थाच्या थोड्या ऑर्डरी घेऊन सगळी साखळी चालवून बघा: संदेश, पैसे, पाकीट, वही. मंडळाच्या कार्यक्रमात स्टॉल हवा असेल तर चौकशीही याच सुमारास करा. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, आता इतरही शहरांत मंडळं आहेत, आणि दिवाळीच्या कार्यक्रमांतल्या जागा लवकर भरतात.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला यादी पाठवा आणि एका दिवशी किती पाकिटं होतात यावरून ऑर्डरींची मर्यादा आधीच जाहीर करा. मर्यादा भरली की यादी बंद. ऑक्टोबरअखेर शाळांना आठवड्याची सुट्टी असते, मुलं घरात असतात. त्या आठवड्यात तळणी ठेवू नका, कोरडी पिठं आणि लेबलं उरकून घ्या. टपालाच्या ऑर्डरी आधी करा, दारात घेऊन जाणाऱ्यांच्या शेवटी. चकली टपालात मोडते, म्हणून लांबच्या गिऱ्हाइकांना शंकरपाळे आणि लाडू सुचवा. दिवाळी आटोपल्यावर त्याच आठवड्यात बाजूला ठेवलेली पाकिटं उघडून बघा, प्रत्येक पदार्थाला खरोखर किती तास लागले ते वहीत उतरवा आणि पुढच्या वर्षीचे भाव तिथेच लिहून ठेवा.